मेरी रॉजर्स ते मारी रोजे : पोने सोडवलेले, न सोडवलेले एक प्रकरण

एडगर ॲलन पो याने गुप्तहेरकथेचा पाया घातला, हे इंग्रजी वाङ्मयाचा कोणताही इतिहास सांगतो. त्याच्या जोडीने एक दंतकथाही सांगितली जाते. फिलाडेल्फियात घरी बसून, केवळ वर्तमानपत्रांची कात्रणे वाचून, पोने न्यूयॉर्कच्या पोलिसांना न उलगडलेला एक खराखुरा मृत्यू उलगडून दाखवला, अशी ती दंतकथा आहे. ती जन्माला घालण्यात खुद्द पोचाच हात होता, आणि नंतरच्या दीडशे वर्षांत ती अनेकांनी न तपासता पुढे चालवली. प्रस्तुत लेखात त्या एकाच प्रकरणाचा, म्हणजे 1841 मधील मेरी रॉजर्स हिच्या मृत्यूचा आणि त्यावर पोने लिहिलेल्या ‘द मिस्टरी ऑफ मारी रोजे’ या कथेचा, पुराव्याच्या अंगाने विचार केला आहे. कथेचे वाङ्मयीन मूल्य हा येथे दुय्यम प्रश्न आहे. पोने काय सिद्ध केले, काय गृहीत धरले आणि काय मागाहून दुरुस्त केले, एवढेच पाहायचे आहे.

घटना

मेरी सेसिलिया रॉजर्स ही न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील जॉन अँडरसन या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या दुकानात काम करीत असे. दुकानात तरुण स्त्री विक्रीला उभी असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि मेरी देखणी होती. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या जवळच असल्याने बातमीदार, लेखक आणि राजकारणी मंडळींची तेथे सतत ये-जा असे, त्यामुळे ‘सिगारवाली सुंदरी’ म्हणून तिचे नाव शहरात झाले होते. ऑक्टोबर 1838 मध्ये ती अचानक नाहीशी झाली. तिने आत्महत्येची चिठ्ठी ठेवल्याची बातमी छापून आली आणि थोड्याच अवधीत ती सुखरूप परतली. त्या वेळी कोठे गेली होती याचा समाधानकारक खुलासा झाला नाही. पुढे तिने दुकान सोडले, आणि नॅसॉ स्ट्रीटवर तिची आई फीबी रॉजर्स भाडेकरूंना खोल्या व जेवण देत असे, त्या घरात ती आईला मदत करू लागली. त्या घरातच राहणाऱ्या डॅनियल पेन याच्याशी तिचे लग्न ठरले होते.

रविवार, 25 जुलै 1841 रोजी सकाळी, जेन स्ट्रीटवर राहणाऱ्या मावशीकडे जाते असे पेनला सांगून मेरी बाहेर पडली. संध्याकाळी पेनने तिला आणायला जायचे असे ठरले होते. मात्र जोराचा वादळी पाऊस आला, ती मावशीकडेच राहील असे समजून पेन गेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कळले की मावशीकडे ती पोहोचलीच नव्हती. बुधवारी, 28 जुलै रोजी, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर, न्यूजर्सीतील होबोकनजवळ तिचा मृतदेह पाण्यात तरंगताना आढळला. घरातील पूर्वीचा भाडेकरू आल्फ्रेड क्रॉमलिन याने तो ओळखला. होबोकनचा कोरोनर डॉ. रिचर्ड कुक याने तपासणी केली. (अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी जुन्या मुंबईकरांना अपरिचित नाही, कारण मुंबईत हे पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होते.) गळ्याभोवती लेसची पट्टी आवळलेली होती, मृत्यू गळा दाबल्याने झाला, तिच्यावर अत्याचार झाला होता आणि हे काम एकापेक्षा अधिक माणसांचे होते, असे कुकचे मत पडले. त्यापूर्वी ती चारित्र्यवान होती, अशी ग्वाहीसुद्धा त्याने दिली. वैद्यकीय तपासणीतून असे प्रमाणपत्र देण्याचा हा प्रकार आज वाचताना खटकतो. पुढे सर्व तर्कांच्या वाटेत हीच ग्वाही आडवी येते, म्हणून तिची येथे नोंद केली.

ऑगस्टअखेर होबोकनशेजारच्या विहॉकनजवळ खाणावळवजा दारूचे दुकान चालवणाऱ्या फ्रेडरिका लॉस या बाईच्या मुलांना जवळच्या दाट झुडपात स्त्रीचा पेटीकोट, रेशमी स्कार्फ, छत्री, हातमोजे आणि मेरीच्या नावाचा हातरुमाल सापडला. मेरी त्या रविवारी सावळ्या रंगाच्या एका तरुणाबरोबर आपल्याकडे आली होती, असे लॉसबाईने सांगितले. ऑक्टोबरमध्ये डॅनियल पेन त्याच परिसरात गेला, त्याने लॉडेनम हा अफूचा अर्क घेतला आणि जीव दिला. हीच ती जागा, वाया घालवलेल्या आयुष्याबद्दल देव मला क्षमा करो, अशा अर्थाची चिठ्ठी त्याच्याजवळ मिळाली. मेरी बेपत्ता झाली त्या दिवसाचा आपला सगळा हिशेब त्याने आधीच अधिकाऱ्यांना दिला होता आणि त्यात खोट आढळली नव्हती.

तपास कोण करीत होते?

त्या काळच्या न्यूयॉर्कची लोकसंख्या तीन लाखांच्या वर गेली होती. तरीही शहराला पगारी, शिस्तबद्ध असे पोलिसदल नव्हते. दिवसा मोजके कॉन्स्टेबल आणि रात्री पहारेकरी असत, आणि गुन्हा शोधून काढण्याचे काम बऱ्याच अंशी बक्षिसाच्या आशेवर चाले. शिवाय मृतदेह न्यूजर्सीच्या हद्दीत सापडलेला आणि मृत स्त्री न्यूयॉर्कची, त्यामुळे खर्च आणि जबाबदारी एकमेकांवर ढकलण्यात पहिले दिवस गेले. नागरिकांनी सभा घेऊन वर्गणी जमवली, गव्हर्नर विल्यम सीवर्ड याने सरकारी बक्षीस जाहीर केले. काही संशयितांना पकडले आणि पुराव्याअभावी सोडले.

ही पोकळी वर्तमानपत्रांनी भरून काढली. ‘सन’ 1833 मध्ये आणि ‘हेरल्ड’ 1835 मध्ये सुरू झाले होते. एक-दोन सेंटांना, म्हणजे जवळजवळ कोणालाही परवडेल अशा किमतीत, मिळणाऱ्या या पत्रांचा खप रोजच्या रोज नवे काही देण्यावर अवलंबून होता. मृतदेह मेरीचा नाहीच असे एकाने लिहावे, गुंडांच्या टोळीने तिला संपवले असे दुसऱ्याने लिहावे, क्रॉमलिनच्या वागण्यात काळेबेरे आहे असे तिसऱ्याने सुचवावे, असा क्रम अनेक आठवडे चालला. पोला जो ‘पुरावा’ मिळाला तो हा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. साक्षीदार, जागा किंवा कागदपत्रे यांपैकी काहीही त्याने पाहिले नाही.

लेखकाची गरज

एप्रिल 1841 मध्ये, म्हणजे मेरीच्या मृत्यूच्या तीन महिने आधी, पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा फिलाडेल्फियाच्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये आली होती. तो स्वतःच त्या मासिकाच्या संपादनात होता. पॅरिसमध्ये अंधाऱ्या घरात राहणारा, रात्री भटकणारा आणि पोलिसांना न दिसणारे पाहणारा हौशी गुप्तहेर ऑग्युस्त द्युपाँ त्या कथेत पहिल्यांदा अवतरला. पुढच्याच वर्षी पोची घडी विस्कटली. जानेवारी 1842 मध्ये पत्नी व्हर्जिनिया हिला गाताना रक्ताची गुळणी आली, वसंतात त्याने ‘ग्रॅहम्स’ची नोकरी सोडली, आणि लेखनावर घर चालवण्याची वेळ आली.

4 जून 1842 रोजी त्याने बॉस्टन आणि बाल्टिमोर येथील दोन संपादकांना जवळजवळ एकाच मजकुराची पत्रे पाठवली. आपण मेरी रॉजर्सच्या प्रकरणावर, पात्रे आणि स्थळे पॅरिसमध्ये नेऊन, एक कथा लिहिली आहे. त्या निमित्ताने खऱ्या प्रकरणाचेच काटेकोर विश्लेषण केले आहे. टोळीची कल्पना खोटी पाडली आहे. आणि चौकशीला नवी चालना मिळेल अशा रीतीने खुन्याकडे निर्देश केला आहे, असे त्यांत म्हटले होते. बॉस्टनकडे त्याने 50 डॉलर मागितले आणि बाल्टिमोरच्या मित्राला 40 डॉलरांत देऊ केली. दोघांनीही ती घेतली नाही. अखेर न्यूयॉर्कच्याच ‘लेडीज कंपॅनियन’ या मासिकाने ती तीन हप्त्यांत छापायला घेतली. कथेचा पहिला आराखडा म्हणूनच ही पत्रे महत्त्वाची आहेत. जून 1842 मध्ये पोच्या डोळ्यांसमोर खून होता आणि खुनी होता, अपघात नव्हता.

द्युपाँची पद्धत : जेथे ती पटते

कथेत मेरीची मारी रोजे झाली, हडसनची सेन नदी झाली, तंबाखूच्या दुकानाचे अत्तराचे दुकान झाले, लॉसबाईची मादाम दलुक झाली, पेनचा सेंट युस्ताश आणि क्रॉमलिनचा बोव्हे. वर्तमानपत्रांनाही फ्रेंच नावे मिळाली. द्युपाँ घराबाहेर पडत नाही, तो बातम्या वाचतो, आणि कथेचा मोठा भाग म्हणजे या बातम्यांची उलटतपासणी आहे. पोचा खरा पराक्रम मला येथे दिसतो, आणि तो खुनी शोधण्याच्या दाव्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे.

एक उदाहरण थोडे सविस्तर पाहू. एका पत्राचे म्हणणे असे की, हजारो लोकांच्या ओळखीची ही तरुणी कोणाच्याही नजरेस न पडता तीन चौक ओलांडून जाणे अशक्य आहे, आणि शिवाय रस्ते माणसांनी फुलले होते. यावर द्युपाँ विचारतो की हे लिहिणारा कोण? तो शहरातील एक प्रसिद्ध माणूस, रोज आपली कचेरी आणि सरकारी कार्यालये यांच्यामध्ये ठरावीक रस्त्याने फिरणारा, त्याच्याच व्यवसायातील लोक त्याला वाटेत भेटणार आणि नमस्कार करणार. आपला हा अनुभव त्याने एका मुलीला लावला, जी त्या दिवशी बहुधा नेहमीपेक्षा वेगळ्याच वाटेने गेली असेल. शहरातील एखाद्याच्या ओळखीची माणसे कितीही जास्त धरली, तरी शहराच्या एकूण वस्तीशी त्यांचे प्रमाण नगण्यच राहते. आणि रस्ते फुललेले असण्याबद्दल म्हणाल तर, रविवारी सकाळी नऊ वाजता लोक घरात चर्चला जाण्याची तयारी करीत असतात. गर्दी होते ती दहानंतर. बातमीदाराने आठवड्यातील इतर दिवसांची गर्दी रविवारच्या सकाळवर चिकटवली होती. लिहिणाऱ्याच्या सवयीतून त्याच्या विधानाची मर्यादा काढण्याची ही रीत 1842 साली नवी होती, आणि आजही एखादी बातमी वाचताना ती उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण मृतदेहाच्या ओळखीचे आहे. पाण्यात टाकलेला देह वर यायला सहा ते दहा दिवस लागतात, म्हणून तीन दिवसांत सापडलेला देह मारीचा नव्हेच, असा एका पत्राचा दावा होता. मानवी देहाची आणि नदीच्या पाण्याची घनता जवळजवळ सारखीच असते, तपमान आणि खोली यांवर फुगण्याचा वेग ठरतो, असा ठरावीक दिवसांचा नियम करता येत नाही, असे द्युपाँ दाखवतो. मग ओळखीच्या खुणांकडे वळून तो म्हणतो की हातावरील केस, पायाचा आकार, टोपीवरची फुले, आत घेऊन लावलेली गार्टरची (मोजा बांधायच्या पट्टीची) पकड यांपैकी एकेकटी खूण कमकुवत असेल, पण एकाच देहावर त्या सगळ्या एकत्र सापडतात तेव्हा त्यांचे बळ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. स्वतंत्र पुराव्यांच्या संभाव्यतेचा हा विचार नेमका आहे.

तिसरे उदाहरण टोळीविरुद्धच्या युक्तिवादाचे. पोशाखाची एक पट्टी खालच्या काठापासून वर कमरेपर्यंत फाडून कमरेभोवती तीन वेढे देऊन मागे गाठ मारलेली होती. हनुवटीखाली बांधलेली दुसरी एक पट्टी पाहून एका पत्राने लिहिले की ज्यांच्याजवळ हातरुमालही नसतो अशा गुंडांचे हे काम. द्युपाँचे उत्तर एका ओळीत संपते : रुमाल झुडपात पडलेला होता, म्हणजे रुमालाच्या अभावी पट्टी फाडली हे खोटे. आणि कमरेचा वेढा कशासाठी? चार माणसे असती तर त्यांनी देह हातापायांना धरून उचलला असता. मूठ धरायला असे कडे करावे लागते ते एकट्यालाच.

पद्धत कोठे घसरते

ही सगळी चिकित्सा इतरांच्या विधानांना लावताना पो जेवढा सावध आहे, तेवढा स्वतःच्या अनुमानांबाबत नाही. झुडपातील वस्तूंवर बुरशी धरली होती आणि भोवती गवत वाढले होते, म्हणून त्या तीन-चार आठवडे तेथे पडून असाव्यात, असे वर्तमानपत्राने लिहिले होते. दमट उन्हाळ्यात गवत एका दिवसात दोन-तीन इंच वाढते असे सांगून द्युपाँ हे उडवून लावतो. बांबूचा कोंब सोडला तर ही वाढ कोणत्या गवताची, हे त्याने सांगायला हवे होते. वस्तू नंतर आणून टाकल्या असाव्यात हा त्याचा संशय रास्त असू शकेल, पण त्यासाठी दिलेला आधार टिकत नाही.

मुख्य अनुमान आहे ते नौदलातील अधिकाऱ्याचे. सावळा रंग, टोपीच्या फितीची खलाशी बांधतात तशी गाठ आणि पहिल्या गायब होण्याच्या वेळचा प्रियकर हे तीन धागे द्युपाँ एकत्र आणतो. पहिल्या आणि दुसऱ्या पलायनात साडेतीन वर्षांचे अंतर होते, आणि युद्धनौकांच्या सफरीच्या नेहमीच्या मुदतीपेक्षा हे अंतर काही महिन्यांनी अधिक आहे, तेव्हा तोच माणूस समुद्रावरून परतताच पुन्हा आला, असे तो म्हणतो. वाचताना हे पटते. परंतु खरी मेरी ऑक्टोबर 1838 मध्ये नाहीशी झाली होती आणि जुलै 1841 मध्ये मरण पावली, म्हणजे अंतर पावणेतीन वर्षांचे. सफरीची मुदत त्यात मावतच नाही. त्यात भर म्हणजे कथेच्या सुरुवातीला हेच अंतर ‘सुमारे पाच महिने’ असे दिलेले आहे आणि पुढे बातमीच्या तोंडी साडेतीन वर्षे येते. ही विसंगती 1845 च्या सुधारित आवृत्तीतही राहिली. ज्या कालगणनेवर खुन्याचा व्यवसाय ठरतो, तीच डळमळीत आहे.

यानंतर द्युपाँ एका नावेकडे वळतो. सोमवारी नदीत रिकामी वाहत चाललेली नाव एका कर्मचाऱ्याने कार्यालयाजवळ आणून बांधली, दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता नेली गेली आणि सुकाणू मात्र तेथेच राहिले, अशी बारीकशी बातमी त्याने हेरली आहे. ही नाव आपल्याला खुन्यापर्यंत नेईल, असे द्युपाँ सांगतो. आणि नेमके येथेच कथेत कंसातील संपादकीय टीप येते की, पुढील तपशील वगळला असून अपेक्षित निष्पत्ती मिळाली. वगळलेला तपशील कधीच लिहिला गेला नव्हता, हे पोने पुढे स्वतःच एका पत्रात सूचित केले.

नोव्हेंबर 1842

पहिला हप्ता नोव्हेंबर 1842 च्या अंकात आला, दुसरा डिसेंबरच्या. दरम्यान एक अनपेक्षित घटना घडली. लॉसबाईला तिच्याच मुलाच्या हातून बंदुकीची गोळी चुकून लागली आणि काही दिवस भ्रमिष्टावस्थेत काढून ती मरण पावली. 18 नोव्हेंबर रोजी ‘ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राने छापले की मरण्यापूर्वी तिने मॅजिस्ट्रेटपुढे कबुली दिली : मेरी त्या रविवारी एका तरुण डॉक्टरबरोबर आपल्याकडे गर्भपातासाठी आली, त्यात ती दगावली आणि देह नदीत टाकण्यात आला. ज्या मॅजिस्ट्रेटचे नाव बातमीत होते, त्याने आपल्यापुढे अशी कबुली झाली नसल्याचे जाहीर केले आणि ‘ट्रिब्यून’ला माघार घ्यावी लागली. मुलांची चौकशी होऊन ती सुटली. कायद्याच्या दृष्टीने यातून काहीच निष्पन्न झाले नाही. लोकांच्या मनात मात्र गर्भपाताची कथा पक्की बसली.

पोची अडचण उघड आहे. दोन हप्ते वाचकांच्या हातात होते, तिसऱ्यात एकट्या खुन्याने झुडपात केलेल्या खुनाचा उलगडा यायचा होता, आणि शहरात तर चर्चा खाणावळीत झालेल्या मृत्यूची होती. तिसरा हप्ता जानेवारीच्या अंकात आला नाही, तो फेब्रुवारी 1843 मध्ये आला. हा विलंब आणि ही बातमी यांचा संबंध विल्यम विमसॅट याने 1941 मध्ये आणि जॉन वॉल्श याने 1968 मध्ये केलेल्या संशोधनानंतर ठळक झाला. त्या महिन्यात पोने हस्तलिखितात काय केले हे सांगायला हस्तलिखितच हाती नाही. पण दोन छापील पाठ उपलब्ध आहेत, आणि त्यांची तुलना पुरेशी बोलकी आहे.

दोन पाठ

1845 च्या मध्यास पोचा कथासंग्रह न्यूयॉर्कमध्ये निघाला, तेव्हा ‘द रेव्हन’ या कवितेने तो घरोघरी माहीत झाला होता. संग्रहात ही कथा घेताना त्याने फार मोठे बदल केले नाहीत, आणि जे केले ते चोखंदळपणे केले. झुडपाविषयी द्युपाँ मासिकात म्हणतो की घटना तेथेच घडली असे मी मानतो, पण शंकेला भक्कम कारण होते. संग्रहात तेच वाक्य असे होते की, ती तेथे घडली असे मी मानत असेन किंवा नसेन, पण शंकेला भक्कम कारण होते. बदल दोन-तीन शब्दांचा आहे, आणि साक्षीदार आपला जबाब फिरवून बसला आहे. दुसरीकडे मादाम दलुकच्या छपराखाली एखादा ‘अपघात’ घडला असण्याची शक्यता नव्याने घातली आहे. आधी जेथे केवळ झुडपातील खून होता, तेथे आता ‘दलुककडे जीवघेणा अपघात किंवा झुडपात खून’ असा पर्याय उभा राहतो. खुनी आणि अपघाताला जबाबदार असलेला प्रियकर या दोघांनाही सामावून घेईल इतके निष्कर्षाचे तोंड रुंद केले आहे.

या डागडुजीने एक नवीच अडचण उभी राहिली. गळ्याभोवती आवळलेली पट्टी, मनगटांवरील व्रण आणि झटापटीच्या खुणा या कथेत पूर्वीसारख्याच ठेवल्या आहेत. मृत्यू गर्भपातात झाला असेल तर गळा कोणी आवळला, आणि का? मेल्यानंतर टोळीचा आभास निर्माण करण्यासाठी, असे उत्तर देता येईल, पण द्युपाँ ते देत नाही. कोरोनरची ग्वाही आणि ‘ट्रिब्यून’ची बातमी एकमेकींशी जुळत नाहीत, ही या प्रकरणातील सर्वांत अवघड गाठ होती, आणि कथावाङ्मयातील पहिल्या गुप्तहेराने तिला हात लावला नाही.

याहून गंभीर गोष्ट तळटीपांची आहे. 1845 च्या पाठाला जोडलेल्या पहिल्या टीपेत पो प्रांजळपणे सांगतो की कथा घटनास्थळापासून दूर आणि फक्त वर्तमानपत्रांच्या आधारे लिहिली, त्यामुळे प्रत्यक्ष जागा पाहून जे मिळाले असते ते हुकले. पण लगेच तो पुढे म्हणतो की कथा प्रसिद्ध झाल्यानंतर पुष्कळ काळाने, निरनिराळ्या वेळी, दोन व्यक्तींनी कबुली दिली, त्यांपैकी एक म्हणजे कथेतील मादाम दलुक, आणि त्या कबुल्यांनी कथेतील केवळ सर्वसाधारण निष्कर्षच नव्हे तर सर्व प्रमुख तपशील पूर्णपणे खरे ठरवले. हे विधान तारखांच्या कसोटीवर उतरत नाही. लॉसबाई नोव्हेंबर 1842 मध्ये वारली, म्हणजे कथेचा शेवट छापला जाण्यापूर्वी. तिच्या नावावरची कबुली त्याच महिन्यात नाकारली गेली होती. शिवाय ती खरी धरली तरी तिने नौदलाच्या अधिकाऱ्याऐवजी डॉक्टर आणि खुनाऐवजी गर्भपात पुढे आणला होता, म्हणजे कथेच्या प्रमुख तपशिलांचे तिने खंडनच केले होते. दुसरी व्यक्ती कोण, याचा थांगपत्ता नाही.

4 जानेवारी 1848 रोजी जॉर्ज इव्हलेथ या तरुण वाचकाला लिहिलेल्या पत्रात पोने हा धागा आणखी ताणला. कथेतून जे वगळले ते मीच वगळले, तो सारा बनाव होता, असे मान्य करून तो लिहितो की ज्या नौदल अधिकाऱ्याने खून केला, किंवा खरे तर गर्भपाताच्या प्रयत्नात अपघाती मृत्यू घडवला, त्याने कबुली दिली आहे. पण नातलगांसाठी मला याहून अधिक बोलता येत नाही. एकाच वाक्यात खून आणि अपघात, डॉक्टर आणि अधिकारी हे सगळे येथे एकमेकांत मिसळले आहेत. पो खोटे बोलत होता की त्याने काही कानावर आलेले खरे मानले होते, हे ठरवण्याचे साधन नाही. मला स्वतःला पहिली शक्यता अधिक वाटते, कारण गप्पांच्या वाटेने आलेली बातमी इतक्या सोयीने त्याच्याच दोन्ही पाठांशी जुळली नसती.

पोची बाजूही मांडली पाहिजे. कथेच्या अखेरीस तो संभाव्यतेच्या गणिताकडे वळतो आणि स्वतःच सावध करतो की मेरी आणि मारी यांच्या घटना समांतर वाटल्या तरी एका प्रकरणातील अगदी क्षुल्लक फरक दुसऱ्यात वेगळाच निकाल देऊ शकतो. हा इशारा रास्त आहे. मात्र त्यासाठी दिलेला दाखला चुकलेला आहे. फाशांवर लागोपाठ दोनदा सहा पडले तर तिसऱ्यांदा ते पडणार नाहीत यावर मोठी पैज लावायला हरकत नाही, असे तो म्हणतो. फाशांना मागच्या खेळीची आठवण नसते, ही साधी गोष्ट ज्याने थोड्या पानांपूर्वी स्वतंत्र पुराव्यांचा गुणाकार अचूक मांडला, त्याच लेखकाच्या नजरेतून सुटली.

वर्तमानपत्रांत जे नव्हते

पोच्या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या चुकांमध्ये शोधण्यापेक्षा त्याच्या साधनात शोधावी लागते. छापून आलेल्या मजकुरातील खोट त्याने विलक्षण कौशल्याने पकडली. जे छापूनच आले नाही ते त्याला दिसण्याचा मार्ग नव्हता. मेरीच्या मृत्यूचा शहरावर परिणाम झाला, तो असा की पहाऱ्याची जुनी व्यवस्था मोडून पोलिसदल उभारण्याच्या मागणीला धार आली. ते दल 1845 मध्ये अस्तित्वात आले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने गर्भपाताविरुद्धचा कायदा कडक केला. प्रकरणाचा निकाल मात्र लागला नाही, आजतागायत लागलेला नाही.

कथेत अत्तराच्या दुकानाचा मालक पहिल्या पानांवर येतो, मारीच्या सौंदर्याने त्याचा धंदा वाढल्याचे सांगितले जाते, आणि मग तो कथेतून बाहेर पडतो. द्युपाँ सेंट युस्ताशला तपासतो, बोव्हेला तपासतो, दुकानदाराबद्दल एक प्रश्नही विचारत नाही, कारण 1841 च्या बातम्यांमध्ये जॉन अँडरसनविषयी विचारण्यासारखे काही नव्हते. तंबाखूच्या धंद्यात अमाप पैसा मिळवून अँडरसन 1881 मध्ये वारला. पुढे त्याच्या मालमत्तेवरून वारसांत न्यायालयीन भांडण जुंपले, तेव्हा साक्षीदारांनी सांगितले की मेरीच्या मृत्यूप्रकरणी पोलिसांनी त्याला त्या वेळी बोलावून चौकशी केली होती आणि ही गोष्ट वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचू दिली गेली नव्हती. म्हातारपणी तो मेरीच्या आत्म्याशी बोलत असल्याचे सांगत असे. वारसाहक्काच्या खटल्यात, म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नव्हते हे सिद्ध करण्यात हितसंबंध असलेल्या पक्षाकडून आलेल्या या साक्षी आहेत, आणि त्यांतून त्याच्यावर मेरीच्या मृत्यूचा कोणताही दोष शाबीत होत नाही.